अंगणातून गेलेला बांध

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा आमच्या वसाहतीतल्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास येत होता. पंचावन्न-छप्पन्नचा सुमार असेल. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला एक नवा कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या मागच्या माळावर नोकरदारांसाठी बैठ्या जोडघरांच्या रांगा बांधल्या होत्या. आमचं घर शेवटून दुसऱ्या रांगेत. दोन खोल्या, एक पडवी आणि पुढे तारेच्या कुंपणातलं अंगण. घर बघितल्यावर मी आधी अंगणच मोजलं, म्हणजे मनातल्या मनात. कुठे जास्वंद लावायची, कुठे अबोलीचा वाफा करायचा, हे माझं उंबरठा ओलांडायच्या आत ठरून गेलं होतं.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे काडी खोचली की ती झाड होते, त्यात कुणाला विशेष काही वाटत नाही. म्हणून मी ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये अबोलीचं बी आणलं होतं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून जास्वंदीच्या काड्या आणि अनंताचं एक रोप. ते सगळं मी मोठ्या हौसेनं लावलं. अंगणातली जमीन मुरमाची, कुदळ मारली की ठिणगी उडायची. वैशाखातलं ऊन. अनंताने आठवडाही काढला नाही. जास्वंदीच्या काड्या हळूहळू वाळून चुलीत घालण्याजोग्या झाल्या आणि एके दिवशी मी त्या खरंच चुलीत घातल्या. अबोलीचं बी तेवढं पावसाळ्यासाठी जपून ठेवलं.

आमचे हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. बोलणं कमी, आणि चेहरा असा कोरा की ते गंमत करताहेत की खरं सांगताहेत हे मला पहिली दोन वर्षं तरी कळत नसे. मी अनंताच्या रोपापाशी बसून डोळे पुसत होते तेव्हा त्यांनी वाकून मातीकडे बघितलं आणि म्हणाले, "इथली माती माणसं घेते, झाडं घेत नाही असं दिसतंय. तू तरी टिकलीस."

पण माती झाडं घेत नव्हती असं नाही. तिला हवी ती झाडं ती घेत होती. ज्येष्ठ सरता सरता अंगणात जागोजाग हिरवे कोंब दिसायला लागले. बारीक बारीक पानांच्या जोड्या, पिसासारख्या. मी पेरलेलं त्यात काही नव्हतं. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, तरवड आहे, माळावर सगळीकडे उगवतो, काढून टाका.

त्याच सुमाराला कारखान्याच्या फलकावर सूचना लागली. वसाहतीत चांगल्या बागेची स्पर्धा होणार होती, नवरात्रात मोठे साहेब स्वतः घरोघरी फिरून अंगणं बघणार होते आणि बक्षिसं देणार होते. सगळी वसाहत कामाला लागली. कुणी पुण्याहून गुलाबाची कलमं आणली, कुणी कर्दळी. माझ्याकडे अबोलीचं बी होतं आणि पावसाळा तोंडावर होता. मी यांना सांगितलं, बक्षीस आपल्यालाच मिळणार. हे म्हणाले, बरं.

बागेचे मुकादम लष्करातून निवृत्त होऊन आले होते. साताऱ्याकडचे. सगळे त्यांना हवालदारच म्हणत. वसाहतीतले रस्ते, कडेची झाडं, क्लबापुढची हिरवळ ही सगळी त्यांच्या हुकमाखाली. कर्दळी लावताना ते दोरी बांधत आणि एखादी कर्दळ बोटभर बाहेर आली तर उपटून पुन्हा लावायला लावत. रस्त्याच्या कडेचे दगड चुन्याने रंगवलेले, एकसारखे. त्यांच्या हाताखाली विळे घेतलेल्या बायकांची एक टोळी होती. रस्त्याच्या कडेने जे आपोआप उगवेल ते कापत त्या सगळ्या वसाहतीला फेरा घालत, आणि फेरा संपेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा तेवढंच उगवलेलं असे. हवालदार कुंपणापाशी थांबून आमच्या अंगणाकडे बघत आणि म्हणत, "वहिनी, हे जंगल काढा. साहेब गुण कापतील."

मी शेजारणीचा कोयता आणला आणि सगळे कोंब मुळाशी कापले. सोपं काम नव्हतं ते. वरून बोटाएवढं दिसणारं झाड खाली मनगटाएवढं निघायचं आणि त्याचं मूळ कुठवर गेलंय याचा पत्ताच लागायचा नाही. हाताला फोड आले. अंगण मात्र स्वच्छ झालं. मग पाऊस सुरू झाला, मी अबोली पेरली, आणि अबोली मातीतून वर येण्याच्या आधी कापलेल्या प्रत्येक बुंध्याला झुबकेच्या झुबके फुटले. जिथे एक काडी होती तिथे पाच. संध्याकाळी हे घरी आले, चहाचा कप घेऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"एक कापला, पाच आले," ते म्हणाले. "ही युक्ती आम्हाला कारखान्यात जमली तर बरं होईल."

आमच्याकडे जुन्या पिंपरी गावातून दूध यायचं. दूध घालणाऱ्या बाई पन्नाशीच्या असतील. उंच, सडपातळ, नऊवारीचा काष्टा घट्ट कसलेला, डोक्यावर चुंबळ आणि त्यावर पितळेची किटली. नदीकाठच्या गावातून पायी येत. मी त्यांना मावशी म्हणायची. नव्या घरात पहिल्या दिवसांत मला बोलायला त्याच होत्या. दूध मापून झालं तरी त्या घटकाभर पायरीवर टेकत. मी त्यांना विचारलं की ह्या तरवडाचं काय करू. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की बुडात मीठ घाला, मरंल.

मी खडेमीठ आणलं आणि प्रत्येक बुंध्याशी मुठीनं घातलं. रात्री पाऊस पडला. त्या मिठाने माझी नुकती वर आलेली अबोली सगळीच्या सगळी जळून गेली. तरवडाच्या पानाला ढिम्म काही झालं नाही, उलट तजेला आल्यासारखा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी मी मावशींना हे दाखवलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना किटली खाली ठेवावी लागली. हसू आवरेना. मला आधी राग आला, मग माझंही हसू फुटलं. हसणं थांबल्यावर मी विचारलं, मावशी, तुम्हाला ठाऊक होतं का हे?

"सासूबाईनं सांगितलं व्हतं मला," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तिचं बी कवा मेलं न्हाई. पर तुमी इचारलं, मग काय तरी सांगाया नको?"

अबोली गेल्यावर मी स्पर्धेचा नाद जवळजवळ सोडला. पण अंगणात बसायची सवय लागली होती. आषाढातली एक दुपार. पाऊस उघडला होता आणि मी पायरीवर डाळ निवडत बसले होते. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की तरवड अंगणात वाटेल तिथे उगवलेला नाही. तो एका ओळीत आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून निघून ओळ तिरकी अंगणातून जात होती, कुंपणाखालून शेजारच्या अंगणात शिरत होती, आणि मी उठून फाटकाबाहेर जाऊन बघितलं तर रस्त्यापलीकडेही तीच ओळ चालू होती, थेट क्लबाच्या हिरवळीपर्यंत. हवालदारांच्या बायकांनी तिथे कापलेलं होतं, पण कापलेल्या बुंध्यांचीही ओळ कळत होती. संध्याकाळी मी यांना दाखवलं. कुणी दोरी लावून पेरल्यासारखं दिसतंय, असं ते म्हणाले, पण ते कुणाचं काम असेल हे आम्हा दोघांनाही सुचेना.

सकाळी मावशी आल्यावर मी त्यांना सहज ही ओळ दाखवली. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी किटली पायरीवर ठेवली आणि त्या ओळीच्या कडेकडेने चालत कुंपणापर्यंत गेल्या. तिथून वळून घराकडे बघितलं. मग परत आल्या.

"ह्यो आमचा बांध," त्या म्हणाल्या.

मला लगेच उमगलं नाही. त्यांनी हाताने दाखवत सांगितलं. ह्या अंगाला त्यांचं शेत होतं, त्या अंगाला चुलत दिराचं. मधे बांध, आणि बांधावर पहिल्यापासून तरवड. जनावरं त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून बांधाला तो बरा. जमीन कारखान्याला गेली, मोठं यंत्र आलं आणि बांध सपाट करून गेलं. वरची माती गेली, मुळं खाली राहिली. माझं स्वयंपाकघर आहे तिथे एक बोरीचं झाड होतं. दुपारी भाकरी खायला सगळी तिथे बसायची. त्यांच्या थोरल्या मुलाला झोळी बांधून त्याच बोरीला टांगत असत.

हे सगळं त्या साध्या आवाजात सांगत होत्या, भावाच्या घरची हकीकत सांगावी तसं. चैत्रापासून त्या रोज सकाळी आमच्या दाराशी येत होत्या, फाटकाची कडी वाजवून आत येऊ का म्हणून विचारत होत्या, आणि मी त्यांना आत या म्हणत होते. त्यांच्याच शेतात. मी मान खाली घालून पायरी पदराने झटकायला लागले. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की असं तोंड करू नका, घर हाय, माणूस हाय, दिवा लागतोय, रिकामं पडलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं.

जाता जाता त्या फाटकाशी थांबल्या. नवरात्रात घटावर माळ बांधतात ती त्यांच्याकडे नेहमी ह्याच बांधावरच्या तरवडाची असे. पिवळीजर्द फुलं, तीच देवीला चालायची असं त्यांच्या घरात होतं. घरं बांधली गेली त्या वर्षी त्यांना फुलांसाठी आकुर्डीच्या माळापर्यंत जावं लागलं होतं.

"औंदा हितनं न्हेली तर चालंल का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं, आणि तेवढ्यावर न थांबता नवरात्रापर्यंत एका फांदीलाही हात लावणार नाही असं कबूल केलं.

आता आमच्याकडे तरवडाची उठाठेव सुरू झाली. मी त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत काढलं, आळी केली. झाडं कमरेएवढी झाली. हवालदार कुंपणापाशी येऊन थांबत आणि बुचकळ्यात पडत. शेवटी एकदा त्यांनी मनातलं बोलून दाखवलं. "लाइनीत आहे हे कबूल," ते म्हणाले, "पण वहिनी, हा भरती झालेला जवान नाही."

मी हसून सोडून दिलं. का ठेवलाय ते त्यांना त्या वेळी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

श्रावणात मी मंगळागौरीसाठी माहेरी गेले. लग्नानंतरची पहिलीच मंगळागौर, त्यामुळे आईने लवकर सोडलं नाही. हेही चार दिवस रजा काढून आले आणि मला घेऊन परत निघाले. स्टेशनवरून टांग्याने घराशी उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि अंगण लख्ख दिसत होतं. फारच लख्ख. कुंपणाच्या आत तरवडाची एक काडी उभी नव्हती. जमिनीसपाट कापलेले बुंधे, त्यांच्यावर नीट झाडलेली माती, आणि अंगणाच्या कडेने चुन्याने रंगवलेले पांढरे दगड, एकसारखे.

आम्ही फाटकातच उभे होतो तेवढ्यात हवालदार आले. आमची वाट बघत असावेत. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. घरात माणूस नाही, वहिनींनी एकटीने किती करायचं, म्हणून त्यांनी रविवारी, स्वतःच्या सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने ते सगळं केलं होतं. दगड रंगवायचा चुनाही त्यांनी घरून आणला होता. माणूस इतक्या प्रेमाने वाईट करून ठेवतो तेव्हा त्याच्यावर रागावता येत नाही. यांनी हात जोडून त्यांचे आभार मानले. मी आत जाऊन स्वयंपाकघरात बसले. मला सारखं तिथलं बोरीचं झाड आठवत होतं, मी कधी न बघितलेलं.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या कडीचा आवाज आला तेव्हा मी दार उघडायला कचरले. त्या अंगणाकडे बघतच आत आल्या. मी घाईघाईने सांगायला लागले, मी नव्हते, मी माहेरी गेले होते, मी हवालदारांना आधीच सांगायला हवं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं की नाही कोण जाणे. त्या एका बुंध्यापाशी उकिडव्या बसल्या, अंगठ्याच्या नखाने त्याची साल खरवडली आणि मला जवळ बोलावून दाखवलं. सालीखाली ओला हिरवा रंग होता.

"जित्तं हाय," त्या म्हणाल्या. "घट बसाया अजून लई दिस हायेत. बघू."

त्यांनी बघू म्हटलं आणि दूध घालून निघून गेल्या. मला मात्र बघत बसवेना. मी त्याच दुपारी हवालदारांना गाठलं. क्लबापुढे ते हिरवळीवर पाणी मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, बांध कुणाचा, ओळ कशाची, फुलं कशासाठी हवी होती. ऐकता ऐकता त्यांच्या हातातली नळी तिथल्या तिथे वाहत राहिली आणि त्यांच्या पायाशी चिखल झाला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांचंही गावी शेत होतं, बांध होता आणि बांधावर भांडणारे भाऊ होते, हे मला त्या दिवशी समजलं. बांध म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर. बरोबर चुन्याची बादली. त्यांनी अंगणाच्या कडेचे दगड उचलले आणि प्रत्येक बुंध्याभोवती गोल मांडले. शेजारच्या अंगणातही तसंच केलं, रस्त्यापलीकडेही, हिरवळीच्या कडेपर्यंत. टोळीतल्या बायकांना बोलावून बजावलं की पांढऱ्या दगडाच्या आत विळा जाता कामा नये. एकीने विचारलं, मुकादम, परवा तर तुम्हीच कापलात. त्यावर ते म्हणाले, "परवा तो साधा होता. आज भरती झाला."

तरवडाने त्यांची लाज राखली. पोळ्याच्या सुमाराला बुंध्यांना फुटवे आले, तेही आधीपेक्षा दाट. गणपतीत ते गुडघ्याएवढे होते. मी रोज उठून आधी अंगणात जायची. हेही कामावर निघताना वाट वाकडी करून बघून जात, पण आपण बघतोय असं दाखवत नसत. हवालदार दिवसातून दोनदा येत. पितृपक्षात शेंड्यांना बारीक हिरवट मण्यांसारख्या कळ्या दिसल्या. त्या फुगत चालल्या होत्या, पण एकही उमलत नव्हती. सर्वपित्री अमावास्येला संध्याकाळी मी वाकून वाकून बघितलं तर दोन-चार कळ्यांच्या तोंडाशी पिवळं दिसत होतं, एवढंच. एवढ्यात काय माळ होणार, असं वाटून मी आत आले.

घटस्थापनेच्या दिवशी कडी वाजली ती उजाडता उजाडता. दारात मावशी आणि त्यांची सून. दोघी न्हालेल्या, हातात वेताची परडी. मी दिवा घेऊन बाहेर आले, पण दिव्याची गरज नव्हती. रात्रीतून अर्ध्याअधिक कळ्या उमलल्या होत्या. पिवळा रंग असा की अजून न उगवलेलं ऊन आधी तिथेच येऊन बसलंय असं वाटावं. मावशींनी झाडाला हात लावून नमस्कार केला आणि तोडायला सुरुवात केली. झाडं ठेंगणी होती. जन्मभर त्यांनी हात वर करून ही फुलं तोडली होती. यंदा त्यांना बसून तोडावी लागत होती.

"बरं झालं," त्या सुनेला म्हणाल्या. "माझं हात आता वर जात न्हाईत, म्हून ह्येच खाली आलं."

सून तोंडाला पदर लावून हसली. परडी भरली तरी झाडावर फुलं दिसतच होती. त्यांनी माझ्या पायरीवर बसून माळ ओवली, आणि उठता उठता उरलेल्या फुलांची एक आखूड माळ माझ्याही देवासाठी करून दिली. नवरात्रभर त्या रोज तशाच आल्या. रोज तोडत, आणि दुसऱ्या सकाळी फांद्या पुन्हा पिवळ्या.

स्पर्धेचं मी विसरून गेले होते. हे विसरले नव्हते. त्यांच्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्र शिकलेले एक गृहस्थ होते. त्यांच्याकडून यांनी तरवडाचं शास्त्रीय नाव काढलं आणि स्टेशनजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेले. चाचा लॉऱ्यांवर आणि दुकानांवर नावं रंगवून देत. अक्षर फार देखणं. त्यांनी पत्र्याच्या हिरव्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, कॅसिया ऑरिक्युलाटा, आणि खाली आपल्या मनाने एक वेल काढली. पाटी देताना त्यांनी विचारलं की ह्या बाई कुठल्या, आणि दवाखाना सकाळी असतो की संध्याकाळी. यांनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं की बाई दिवसभर अंगणातच असतात.

परिणाम असा झाला की पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ कमरेवर हात धरून आमच्या फाटकाशी आले आणि मला विचारू लागले, डॉक्टरीणबाई आहेत का? मी त्यांना बसवून चहा दिला आणि खरा प्रकार सांगितला. ते रागावले नाहीत. तरवडाकडे बघून म्हणाले, हिचा काढा मी लहानपणी प्यायलोय, म्हणजे अगदीच चुकीच्या घरी आलो नाही.

मोठे साहेब आले ते पाच-सहाजणांना घेऊन. शेजारी गुलाब बघितले, तारीफ केली, आणि आमच्या फाटकाशी येऊन थबकले. अंगणात दुसरं काहीच नव्हतं. स्वच्छ झाडलेली जमीन, पांढरे दगड आणि मधून तिरकी गेलेली ती पिवळी रांग. साहेबांनी वाकून पाटी वाचली. त्यांनी यांना विचारलं की रोपं परदेशातून मागवली का. हे म्हणाले, नाही साहेब, इथलीच आहेत, जुनी. पाणी किती लागतं? पावसाचं पुरतं. खत कुठलं घालता? अजून घातलेलं नाही. कीड? जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. एकही उत्तर खोटं नव्हतं आणि यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी होते. हवालदार साहेबांच्या मागे खाडकन ताठ उभे, नजर समोर.

पहिलं बक्षीस गुलाबांना गेलं, ते योग्यच होतं. आम्हाला उत्तेजनार्थ म्हणून एक झारी मिळाली, पितळी तोंडाची. तिचा उपयोग मी पुढे कितीतरी वर्षं केला.

दसरा झाल्यावर एका सकाळी हवालदार आले. आज फाटकाबाहेर न थांबता आत येऊन पायरीवर बसले. त्यांना वरून हुकूम आला होता. क्लबाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅसिया ऑरिक्युलाटा लावायचा, शक्य तितक्या लवकर.

"वहिनी, हा म्हणजे आपलाच ना?" त्यांनी खात्री करून घेतली.

"आपलाच."

"पावसाळाभर मी तिथे तोच कापत होतो. आता रोपं कुठून आणू?"

"आणू नका. बायकांना म्हणावं, तिथे विळा चालवू नका. बाकी तो बघून घेईल."

हवालदारांनी थोडा वेळ विचार केला. हुकूम अंमलात आणायचा आणि करायचं मात्र काहीच नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटायला जड जात होतं. मग ते हळूहळू हसायला लागले. एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस इतक्या बारीक आवाजात हसतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. मी चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला आणि जाताना सांगून गेले की दगड मात्र मी रंगवणार, त्यात कुणाचं ऐकणार नाही.

पुढच्या वर्षी नवरात्रात क्लबाचा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळा झाला होता. मावशी त्यावरून चालत आल्या आणि मला म्हणाल्या की आमचा बांध काय एवढा लांब नव्हता, ह्यो आता गावाकडं निघालाय. त्या वर्षी त्या एकट्या आल्या नाहीत. गावातल्या आणखी पाच-सात घरच्या बायका परड्या घेऊन आल्या होत्या, आणि वसाहतीतल्या माझ्या मैत्रिणीही. सुनेच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ होतं. ते मी मांडीवर घेतलं आणि पायरीवर बसले. बायका रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसून फुलं तोडत होत्या, गावच्या आणि वसाहतीतल्या, कोण कुठली हे पाठमोरं ओळखू येत नव्हतं. घरातून यांनी विचारलं, किती कप चहा ठेवू? मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून सांगितलं, मोठं पातेलं घ्या.